पत्र्याचं घर थंड कसं ठेवायचं आणि विजेचं बिल कसं आवरायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की फोन सुरू होतात. पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही, कूलर लावला तरी वरून धग येते आणि एसी लावला तर बिल बघवत नाही. आम्ही छपराचीच कामं करतो, त्यामुळे त्याच प्रश्नांची उत्तरं दरवर्षी द्यावी लागतात. ती इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. सुरुवातीचे प्रश्न सगळ्यांच्या कामाचे आहेत, पुढचे ज्याच्या त्याच्या अडचणीचे. एका उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला तर तिथेही नजर टाका.

१. पत्रा एवढा पातळ, तरी घर इतकं का तापतं?

पातळ आहे म्हणूनच. घरांवर साधारण ०.३५ ते ०.५० मिलिमीटर जाडीचा पत्रा असतो. उष्णता अडवायला त्याच्यात काहीच नसतं. वरची बाजू तापली की त्याच क्षणी खालची तापते. मे महिन्यात भर दुपारी छपराच्या दर चौरस मीटरवर जवळपास १ किलोवॉट ऊन पडतं. जुना, मळकट झालेला पत्रा त्यातला ६०-७० टक्के भाग पिऊन घेतो. बाहेर ४२ अंश असतील तेव्हा असा पत्रा ६५ अंशांच्या आसपास जातो.

पुढे दोन गोष्टी होतात. तापलेला पत्रा आगटीसारखी धग खाली फेकतो, आणि ती थेट अंगाला लागते. शिवाय पत्र्याखाली गरम हवेचा थर साचतो आणि छताचा पंखा तोच थर खाली ढकलतो. म्हणून दुपारी त्या पंख्याखाली बसलं तर जास्तच तलखी होते. अशा खोलीत टेबल फॅन खिडकीजवळ ठेवलेला बरा.

पत्र्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. तो उष्णता साठवून ठेवत नाही, ऊन उतरलं की तासाभरात निवतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभराचं ऊन साठवतो आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतो. पत्र्याचा त्रास सकाळी साडेदहा-अकरापासून पाचपर्यंतचा. तेवढे तास सांभाळले की निम्म्याहून जास्त काम झालं.

२. इंटरनेटवर वाचलं की मेटल रूफमुळे एसीचं बिल कमी होतं. मग आमचं का वाढतं?

ते लिहिलेलं असतं अमेरिकेतल्या घरांबद्दल, आणि तिथे ते खरं आहे. तिकडे बहुतेक घरांवर डांबर लावलेल्या गडद चौकटींचं छप्पर असतं, त्याला ते शिंगल म्हणतात. त्या छपराच्या मानाने फिकट रंगाचा किंवा खास रंगद्रव्याचा धातूचा पत्रा बरंच ऊन परतवतो. शिवाय तिथल्या छपराखाली लाकडी फळ्या, मग मोकळा माळा आणि माळ्यावर काचलोकरीचा जाड थर असतो. पत्रा हा त्या सगळ्याच्या वरचा एक थर.

आपल्याकडे पत्र्याच्या खाली थेट माणूस. ना माळा, ना थर. त्यामुळे तिकडचे टक्के इकडे लावू नका. तत्त्व मात्र दोन्हीकडे तेच आहे: वरची बाजू ऊन परतवणारी हवी, आणि पत्रा व माणूस यांच्यामध्ये काहीतरी हवं.

३. पैसे थोडेच आहेत. एकच गोष्ट करायची तर कोणती?

वरून पांढरा रंग. याला तोड नाही. ऊन आत येऊ देऊन मग ते बाहेर काढण्यापेक्षा वरच्या वर परतवणं केव्हाही स्वस्त.

हातात आणखी पैसे असतील तर दुसरं काम गरम हवेला वर वाट करून देण्याचं (प्रश्न ११). तिसरं, पत्र्याखाली थर किंवा सीलिंग (प्रश्न ९ आणि १०). एसी सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात: आधी दीड टनाचा एसी घेतात, दोन महिने बिल भरतात आणि मग आम्हाला विचारतात.

विश्वास बसत नसेल तर एक साधा प्रयोग करा. एकाच पत्र्याचा अर्धा भाग वरून पांढरा रंगवा. दोन दिवसांनी दुपारी दोन वाजता खोलीत स्टुलावर उभं राहून हात आधी रंगवलेल्या भागाखाली धरा, मग शेजारच्या भागाखाली. पत्र्याला हात लावायचा नाही, वीतभर खाली धरायचा. फरक सांगायला कुणी लागत नाही.

४. पांढरा रंग म्हणजे नेमका कोणता? चुना चालेल का? ऑइल पेंट?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

चुना सिमेंटच्या स्लॅबवर छान काम करतो. पत्र्यावर नको. एक तर तो धरत नाही, पहिल्या पावसात पागोळ्यांबरोबर खाली येतो. दुसरं म्हणजे ओला चुना जस्ताला खातो, आणि पत्र्याला गंजापासून वाचवणारा थर जस्ताचाच असतो.

साधा ऑइल पेंट नव्या जस्ताच्या पत्र्यावर थेट मारला तर एक-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. रंगातलं तेल आणि जस्त यांची रासायनिक क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाची पकड जाते. दोष रंगाऱ्याचा नसतो, चुकीच्या जोडीचा असतो.

बरोबर रीत अशी. पत्रा नवा आणि गुळगुळीत असेल तर आधी जस्ताच्या पत्र्यासाठीचा प्राइमर. दुकानात 'वॉश प्राइमर' किंवा 'एच (etch) प्राइमर' म्हणून मागा. पत्रा जुना असेल तर तारेच्या ब्रशने सुटा गंज काढायचा, धुऊन पूर्ण वाळू द्यायचा, गंजलेल्या जागी गंजरोधक प्राइमर लावायचा. त्यावर बाहेरच्या वापराचा, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक पांढरा 'कूल रूफ' रंग, दोन हात. डब्यावर दोन आकडे शोधा. ऊन परतवण्याचं प्रमाण ०.८० च्या आसपास आणि उष्णता सोडण्याचं प्रमाण ०.८५-०.९० असेल तर माल चांगला. काही कंपन्या दोन्ही मिळून 'एसआरआय' हा एकच आकडा देतात. त्यात ठरावीक काळा पृष्ठभाग म्हणजे ० आणि ठरावीक पांढरा म्हणजे १००. आकडाच दिला नसेल तर दुकानदार कितीही बोलला तरी तो साधा पांढरा रंग समजा.

माल काढताना पत्र्याची नाली, म्हणजे त्याच्या वरखाली लाटा, विसरू नका. नालीमुळे पत्र्याचं खरं क्षेत्रफळ फुटपट्टीने मोजल्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त भरतं, आणि दुसऱ्या हाताला रंग कमी पडतो तो यामुळेच.

आणि कृपा करून दुपारी वर चढू नका. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी. पाय स्क्रूच्या ओळीवर टाका, कारण पत्र्याला आधार देणारा पाईप खाली तिथेच असतो. दोन ओळींच्या मध्ये पत्रा वाकतो. दोन पाईपांवर टेकेल अशी फळी टाकून काम करणं सगळ्यात सुरक्षित. विजेची सर्व्हिस वायर छपरावरून जात असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा.

५. चांदी रंग मारला तर? तो तर चमकतो, मग ऊन परतवणारच.

चांदी रंग ऊन परतवतो, पण पांढऱ्यापेक्षा कमी. आणि जेवढी उष्णता पितो ती आकाशाकडे परत सोडायला फार कंजूष असतो. म्हणून सारख्या उन्हात चांदी रंगाचा पत्रा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो. नव्या कोऱ्या जस्ताच्या किंवा गॅल्व्हाल्यूमच्या (जस्त-ॲल्युमिनियमचा थर असलेल्या) पत्र्याचंही तेच. दिसायला लखलखीत, हात लावला तर चटका. वरून काही वर्षांत त्याची चकाकी जाते आणि तो आणखी तापू लागतो.

यात एक गंमत आहे. उष्णता सोडण्यातला हा कंजूषपणा पत्र्याच्या खालच्या बाजूला आपल्या फायद्याचा ठरतो. खालची बाजू चकचकीत असेल तर पत्रा खोलीत धग कमी सोडतो. आतून चांगला दिसावा म्हणून लोक पत्र्याला खालूनही पांढरा रंग देतात, आणि खोली आधीपेक्षा जास्त धगधगते. वरून पांढरा, खालून तसाच ठेवायचा.

६. नक्की बिल किती कमी होईल? आकडा सांगा.

तुमच्याकडे थंडाव्यासाठी काय चालतं यावर ते आहे.

फक्त पंखा असेल तर बिलात फरक पडणार नाही, जिवाला आराम पडेल. कूलर असेल तर बिलातली बचत किरकोळ, कारण कूलरच मुळात कमी वीज खातो. २०० वॉटचा कूलर दहा तास चालला तर २ युनिट. फायदा असा की कूलर दुपारीही पुरेसा पडू लागतो आणि एसीची गरज टळते. खरी बचत ती.

एसी असेल तर एक हिशेब मांडून दाखवतो. दहा बाय पंधरा फुटांची खोली, म्हणजे साधारण १४ चौरस मीटर छप्पर. मळका पत्रा भर उन्हात साडेनऊ किलोवॉटच्या आसपास ऊन पितो. त्यातलं बरंचसं वारा आणि आकाश घेऊन जातात, अंदाजे पाव हिस्सा खोलीत उतरतो, म्हणजे सव्वादोन ते अडीच किलोवॉट. १ टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर फेकू शकतो. म्हणजे त्याची दोन तृतीयांश ताकद नुसत्या छपराशी झगडण्यात जाते. पांढऱ्या रंगानंतर आत येणारी उष्णता १ किलोवॉटच्याही खाली जाते. सहा तासांचा उन्हाचा काळ धरला तर दिवसाला २ युनिटच्या आसपास वीज वाचते, महिन्याला ६०. दोन खोल्यांत एसी असतील तर दुप्पट.

हे अंदाजाचं गणित आहे. दर तुमच्या बिलावरून घ्या. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे असतात आणि वरच्या टप्प्यातलं युनिट महाग असतं. ६० युनिट कमी होतात ते नेहमी वरच्या टोकाचे, महागातले. एसी फक्त रात्री लावत असाल तर मात्र यातला फारच थोडा भाग तुमच्या वाट्याला येईल, कारण रात्री पत्रा तसाही निवलेला असतो.

७. पत्र्याच्या खोलीत एसी लावावाच का? कितीचा लावावा?

आधी छप्पर, मग एसी. उघड्या पत्र्याखाली दीड टनाच्या एसीलाही दुपारी तापमान उतरवणं जड जातं. मशीन अखंड चालत राहतं. त्याच खोलीत वरून पांढरा रंग आणि खालून सीलिंग केलं तर बहुतेक वेळा १ टन पुरतो. पत्रा आणि भिंत यांच्यातली फट बुजवल्याशिवाय एसी लावणं म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणं. एसी २४-२६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावा. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते.

विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात मेअखेरपर्यंत हवा कोरडी असते, तिथे कूलरच राजा. त्याला खिडकी मात्र उघडी लागते, नाहीतर दमट हवा आतच कोंडते. मुंबई आणि कोकणात कूलरचा उपयोग नाही, उलट चिकचिक वाढते.

८. रोज दुपारी पत्र्यावर पाणी मारलं तर चालेल ना?

गार नक्की होतं. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना पत्र्यातून जवळपास दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता घेऊन जातं. अट अशी की ते उडालं पाहिजे. पन्हळीतून वाहून गेलेल्या पाण्याचा काही फायदा नाही. म्हणून बादल्या ओतू नका. बारीक फवारा, तोही थांबून थांबून. पत्र्यावर ओलं गोणपाट टाकलं तर तेच पाणी जास्त वेळ काम करतं.

अडचणी दोन. ज्या गावांत एप्रिलमध्ये टँकर येतो तिथे हा उपाय सुचवायला आमची जीभ रेटत नाही. दुसरं, बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे क्षार साचतात आणि स्क्रूच्या भोवती गंज धरतो. पाण्याचा उपाय म्हणजे रंगाचं काम होईपर्यंतची मलमपट्टी समजा.

९. पत्र्याखाली ती चंदेरी बबल शीट लावली, काही फरकच पडला नाही. फसवणूक झाली का?

शीट बहुधा बरी असेल, लावणं चुकलं असेल. बबल शीटचं काम तिच्या चकचकीत बाजूवर चालतं. ती धग परतवते, पण तिच्यापुढे मोकळी हवा असेल तरच. पत्र्याला चिकटवून टाकली की तिकडची बाजू वाया जाते आणि उष्णता स्पर्शानेच पार होते, कारण शीटची जाडी ती किती! पत्रा आणि शीट यांच्यात किमान एक इंच पोकळी हवी, दोन असली तर उत्तम. पाईपांच्या खालून तारा ओढून त्यांवर शीट अंथरली की पोकळी आपोआप मिळते. आणि चंदेरी बाजूवर धूळ साचली की तिचं काम संपलं, म्हणून एका बाजूला चंदेरी असणारी शीट घेतली तर ती बाजू खाली तोंड करून लावा. तिथे धूळ बसत नाही.

१०. सीलिंग कशाचं करावं? थर्मोकोल स्वस्त पडतो.

थर्मोकोल उष्णता चांगली अडवतो, यात वाद नाही. भीती आगीची. तो पटकन पेट घेतो, वितळून जळते थेंब खाली पडतात आणि धूर घुसमटवणारा असतो. तापलेल्या पत्र्याला चिकटवला तर आगीशिवायही तो हळूहळू मऊ पडून आकसतो. ज्या खोलीत गॅस, चूल किंवा देवघर आहे तिथे तर मुळीच नको.

जिप्सम बोर्ड किंवा पीओपी आगीच्या दृष्टीने चांगले, पण छप्पर गळत नाही याची खात्री करूनच. पीव्हीसीच्या पट्ट्या पाण्याला घाबरत नाहीत. त्या वर मोकळ्या ठेवल्या तर थर पातळ पडतो, म्हणून वर रॉकवूल किंवा काचलोकर अंथरावी. ती अंथरताना हातमोजे आणि नाकाला फडकं.

सीलिंग कोणतंही असो, वरची पोकळी हवाबंद करू नका. दोन्ही टोकांना जाळीची भोकं ठेवा, म्हणजे कोंडलेली गरम हवा बाहेर जाईल आणि उंदीर आत येणार नाहीत.

११. छपरावर गोल फिरणारा पंखा बसवतात, त्याचा घरात उपयोग होतो का?

तो टर्बो व्हेंटिलेटर. वाऱ्याने फिरतो, वीज लागत नाही, गरम हवा वर खेचून बाहेर टाकतो. घरात उपयोग होतो, पण खालून तेवढीच हवा आत यायला वाट असेल तर. दारं-खिडक्या लावून वर व्हेंटिलेटर फिरवला तर तो नुसता शोभेचा.

पैसे न घालता हेच काम आढ्यापाशी होतं. दोन्ही उतारांचे पत्रे जिथे भेटतात तिथे रिज कॅप (जोडावरचं पत्र्याचं टोपण) थोडी उचलून खाली दोन-तीन इंचांची फट ठेवायची आणि जाळी मारायची. वळचणीखालून हवा येते, आढ्यातून जाते. नवं छप्पर घालताना हे सांगितलं तर मिस्त्री करून देतो. नंतर करायला रिज कॅप उघडावी लागते. एसीच्या खोलीला मात्र ही फट सीलिंगच्या वरच्या पोकळीतच हवी, खोलीत नको.

१२. नवं छप्पर घालायचंय. कोणता पत्रा घेऊ?

फिकट रंगाचा, रंग चढवूनच येणारा पत्रा, पांढरा किंवा दुधी. जाडी ०.४५-०.५० मिलिमीटर. जाडीने गारवा येत नाही, टिकाऊपणा येतो. जस्ताचा पत्रा घेत असाल तर त्यावर आयएस २७७ हे मानक आणि जस्ताचं वजन छापलेलं बघा. चौरस मीटरला १२० ग्रॅम म्हणजे हलका, २७५ ग्रॅम म्हणजे भारी. गॅल्व्हाल्यूममध्ये साधारण ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असतं; त्याचं आयुष्य साध्या जस्तापेक्षा जास्त.

घर कायमचं असेल आणि बजेट असेल तर पफ पॅनेलचा विचार करा. दोन पत्र्यांच्या मध्ये घट्ट फोम असतो. किती उष्णता आत येते याचं एक माप असतं, कमी तेवढं चांगलं. नुसत्या पत्र्याला ते ६ च्या आसपास येतं, ५० मिलिमीटरच्या पफ पॅनेलला ०.५ च्या आसपास. केंद्र सरकारच्या इको निवास संहितेने २०१८ साली घरांच्या छपरासाठी कमाल मर्यादा ठेवली ती १.२. नुसता पत्रा या मर्यादेच्या पाचपट बाहेर आहे. पफ पॅनेलने पावसाचा ताडताड आवाजही जातो. खर्च साध्या पत्र्याच्या कितीतरी पट येतो, त्यामुळे एसी रोज दिवसा चालणार असेल तरच तो वसूल होईल.

१३. घरच्यांना निळा किंवा लालच पत्रा हवाय. काही मधला मार्ग?

उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना दिसतच नाही. काही रंगद्रव्यं दिसायला गडद असून हा न दिसणारा भाग परतवतात. असे 'कूल पिगमेंट'वाले पत्रे मिळतात. त्यांच्यामुळे गडद पत्रा साध्या गडद पत्र्यापेक्षा कमी तापतो, पण पांढऱ्याची बरोबरी करत नाही. दुसरा मार्ग: रस्त्यावरून दिसणारा उतार लाल, मागचा पांढरा. सूर्य दिवसभर कोणत्या उतारावर असतो ते आधी बघा. दक्षिण आणि पश्चिमेचा उतार पांढरा असेल तर जास्त फायदा.

१४. रंग किती वर्षं टिकतो? धूळ बसली की संपलंच ना?

संपत नाही, कमी होतं. पहिल्या वर्षातच थोडी घट होते, मग बऱ्यापैकी स्थिर राहतं. फेब्रुवारीअखेर एकदा साध्या पाण्याने आणि मऊ झाडूने धुतलं की बरीचशी चमक परत येते. वीटभट्टी, कोळशाची खाण किंवा क्रशर जवळ असेल, जसं चंद्रपूर-बल्लारपूर भागात, तर उन्हाळ्यात दोनदा धुवा. चांगला ॲक्रिलिक थर पाच-सहा वर्षांनी पुन्हा एक हात मागतो.

१५. कौलं काढून पत्रा घातला आणि घर तापायला लागलं. आता?

कोकणातून हा प्रश्न सतत येतो. वानरं कौलं फोडतात, दरवर्षी कौलं परतायला माणसं मिळत नाहीत, म्हणून लोक पत्रा घालतात. त्यांना दोष देता येत नाही. मंगळुरी कौलांच्या जोडांमधून हवा निसटत असते आणि माती उष्णता सावकाश आत सोडते. पत्र्यात दोन्ही नाही.

माळा असेल तर तो तोडू नका, तोच तुमचा आयता थर आहे. माळ्याच्या दोन्ही टोकांच्या भिंतींत जाळीचे झरोके ठेवा. आधीचे वासे-रिपा शाबूत असतील तर पत्र्याखाली फळ्या किंवा बांबूची तट्टी मारता येते. कौलाच्या आकाराचा पत्रा मिळतो. दिसतो छान, पण गारव्याच्या बाबतीत तो साधा पत्राच. गडद लाल घेतलात तर जास्तच तापेल (प्रश्न १३).

कोकणातल्या आणखी दोन गोष्टी. पावसाळ्यानंतर पांढऱ्या छपरावर काळं शेवाळ धरतं. दिवाळीच्या सुमारास ते घासून काढा. आणि वारा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. छपरावर कोणताही थर चढवण्याआधी 'जे-बोल्ट' (इंग्रजी J सारखे वाकवलेले बोल्ट), स्क्रू आणि रबराचे वॉशर तपासा. खाऱ्या हवेत साधे स्क्रू पत्र्याच्या आधी जातात.

१६. छपरावर हिरवी नेट बांधली, वेल सोडला किंवा पऱ्हाट्या टाकल्या तर?

सावली म्हणजे सावली, ती चालतेच. नेट पत्र्याला टेकवू नका. फूटभर उंच ताणा, म्हणजे मधून वारा जाईल. वादळ-वाऱ्याचा अंदाज आला की सोडून ठेवायची तयारी ठेवा.

दोडका, दुधी, पडवळ यांचे वेल मांडवासारखे वर तारांवर चढवले तर उत्तम. थेट तापलेल्या पत्र्यावर कोवळे शेंडे करपतात. अडचण एवढीच की वेल दाट व्हायला पाऊस लागतो आणि ऊन मेमध्ये असतं. मांडव एप्रिलला हिरवा हवा तर जानेवारीत बी टाकून पाणी घालावं लागतं.

पऱ्हाट्या, तुराट्या, गवत यांनी विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या घरं गार ठेवली, हे खरं. पण विजेची वायर आणि फटाके यांच्या जमान्यात पत्र्यावर वाळलेलं सरपण ठेवायचा सल्ला आम्ही देत नाही. त्याखाली ओल राहून पत्राही गंजतो.

१७. आमचा पत्रा सिमेंटचा आहे. त्यालाही हेच सगळं?

पांढरा रंग चालतो, आणि तिथे प्राइमरची कटकटही कमी. पण जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. त्याला कोरडं घासू नका, सँडपेपर नको, ड्रिल आणि कटर नको. ती धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओला करून, मऊ ब्रशने हलकं पुसून रंग लावा. त्यावर उभं तर कधीच राहू नका. जुना सिमेंटचा पत्रा आवाज न करता फुटतो आणि माणूस सरळ खाली येतो. फळीशिवाय कोणालाही चढू देऊ नका.

१८. सोलर पॅनेल बसवले तर रंगाची गरज राहील का?

पॅनेल जिथे आहेत तिथे छान सावली पडते, पण सहसा सगळं छप्पर झाकलं जात नाही. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. आधी गंज काढून रंग करा, मग पॅनेल. नंतर त्यांच्याखाली ब्रश जात नाही. पॅनेल आणि पत्रा यांच्यात वारा खेळेल इतकी जागा ठेवा, गरम झालं की पॅनेलही कमी वीज देतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट व पुढे एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरलं होतं; अर्ज करताना चालू आकडे बघून घ्या. पत्र्याची कैची (छपराचा सांगाडा) वजन आणि वारा पेलेल का, हे फॅब्रिकेटरकडून लिहून घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

१९. पांढरा रंग दिला तर हिवाळ्यात घर गारठेल का?

दिवसा थोडं कमी ऊबदार राहील. रात्री उघडा पत्रा कोणत्याही रंगाचा असला तरी गारठतोच. नाशिक, महाबळेश्वर, सातपुड्याच्या बाजूला दुसरा त्रास होतो: पहाटे पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो, घरातली वाफ त्याला लागून पाणी होते आणि पांघरुणावर टिपटिप पडतं. लोकांना वाटतं छप्पर गळतंय. त्यावर उपाय सीलिंग किंवा थर, आणि स्वयंपाकघराची वाफ बाहेर जाईल अशी सोय.

२०. दुपारी आणि संध्याकाळी पत्रा टकटक वाजतो. काही सैल झालंय का?

पत्रा तापला की लांबतो, निवला की आखडतो. २० फुटांचा लोखंडी पत्रा ५० अंशांच्या फरकाला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास सरकतो, ॲल्युमिनियमचा दुप्पट. आवाज त्याचा. वर्षानुवर्षं असं सरकून स्क्रूची भोकं मोठी होतात आणि तिथूनच गळती लागते. पांढऱ्या रंगाने तापमानातला चढउतार कमी होतो, त्यामुळे आवाजही कमी होतो.

२१. भाड्याची खोली आहे. मालक छपराला हात लावू देत नाही.

मग आतून. बबल शीट तारांवर टांगा (प्रश्न ९), खोली सोडताना काढून नेता येते. तेही नको असेल तर जुन्या पद्धतीचं पांढरं कापडी छत ताणा. कापडाने तापमान फारसं उतरत नाही, पण वरची धग थेट अंगाला लागत नाही. बल्बपासून दूर ठेवा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्टी किंवा ओला वाळ्याचा पडदा लावा. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो. आणि मालकाला प्रश्न २० वाचायला द्या. भाडेकरूच्या घामापेक्षा पत्र्याच्या आयुष्याचा मुद्दा त्यांना लवकर पटतो.

२२. इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं तर चकचकीत पत्रा ३८ अंशच दाखवतो. म्हणजे तुमचं सगळं खोटं?

यंत्र फसतंय. हे थर्मामीटर पृष्ठभागातून निघणारी धग मोजून तापमान काढतं, आणि चकचकीत धातू ती सोडतच नाही (प्रश्न ५). त्याऐवजी पत्र्यात पडलेलं गार आकाशाचं प्रतिबिंब यंत्र वाचतं. पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि नेम टेपवर धरा. खरा आकडा तोच. रंगकाम करणाऱ्याने 'आधी' आणि 'नंतर'ची मोजणी करून दाखवली तर दोन्ही वेळा नेम टेपवरच होता ना, हे बघा. तसंच दोन्ही मोजण्या एकाच दिवशी, एकाच वेळी, रंगवलेल्या आणि न रंगवलेल्या भागावर शेजारी शेजारी करायला सांगा. ढगाळ दिवशी तर कोणताही पत्रा गारच लागतो.